दाराजवळचं पान

नांदेडच्या त्या बोर्डिंगात पोरगं घालायचं म्हणजे खायचं काम नव्हतं, बरं का. निजामाच्या अमलात वरपर्यंत शिकवणाऱ्या शाळा आधीच कमी. त्यात जिथला पोरगा मॅट्रिकला बसला की पास झालाच म्हणून समजा, अशी शाळा आसपासच्या मुलखात ही एकच. गोदावरीच्या काठाला, घाटाला लागून, उंच दगडी कंपाउंडाच्या आत. तिथला पोरगा पुढं हैदराबादेला जायचा, वकील व्हायचा, कचेरीत पेशकार व्हायचा, आणि मग गावात त्याच्या बापाला लोक उठून जागा द्यायचे. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत चालवणाऱ्या संगप्पाला नेमकी ती जागा हवी होती. दुकान होतं, घरदार होतं, पण तहसीलीतला साधा चपराशीसुद्धा त्याला "ए बनिये" म्हणून हाक मारायचा, ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

म्हणून त्यानं पोराला, नागप्पाला, त्या बोर्डिंगाच्या परीक्षेला बसवलं. परत पाठवलं, तर पुन्हा बसवलं. तिसऱ्या खेपेला एकदाचं घेतलं, तेव्हा संगप्पानं अख्ख्या मोंढ्यात पेढे वाटले. आणि पोराच्या आईनं, दानम्मानं, त्याच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा बदलून नवा घातला. लिंगायताच्या घरी लेकरू झालं की अय्या, म्हणजे त्यांचे जंगम गुरू, येऊन त्याला इष्टलिंग देतात. ते मरेपर्यंत अंगावरून उतरायचं नाही. रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात घास जायचा नाही. दानम्मानं चांदीच्या डबीतलं ते लिंग पोराच्या छातीवर नीट बसवलं अन् म्हणाली, "नाग्या, तिथं पोरं हसतील. हसू दे. पन ह्ये गळ्यातून काढलास तर तुझी अव्वा मेली म्हून समज."

आया असं बोलतात, आणि पोरं "हाव" म्हणून गाडीत बसतात. नागप्पाही बसला.

पण त्याचा जीव काही त्या बोर्डिंगात थाऱ्यावर नव्हता. पहाटे घंटा झाली की थंडी असो नाहीतर काही असो, नदीवर अंघोळ. मग कवायत. मग धडे, आणि धडे म्हणजे काय विचारू नका. सगळं शिकणं उर्दूतून, वर इंग्रजी, वर फारसीचे तुकडे, आणि गणितात एक आकडा चुकला की सगळी पाटी पुसून पहिल्यापासून. उदगीरच्या घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलून वाढलेल्या पोराच्या डोक्याचा पार भुगा व्हायचा. तरी तो नेटानं रेटत होता. रेटत होता आणि धास्तावत होता. आज नाव कमी करतात की उद्या, आज बापाला बोलावतात की उद्या. हात सारखा छातीवरच्या डबीकडं जायचा. मास्तरनं उभं केलं की हात छातीवर, निकाल लागायचा की हात छातीवर. पोरं चिडवायची, "आमचा देव देवळात बसतो, भेटला तर भेटला. नाग्याच्या देवाला बिचाऱ्याला सुट्टीच न्हाई!"

बोर्डिंगाचे मुख्य होते रेणुकादास मास्तर. उंच, कोरडा माणूस, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लग्न केलं नाही, ही शाळाच त्यांचा संसार. पोरांना मारत नसत. नुसतं बघत, आणि तेवढ्यानं मोठमोठ्या पोरांची गाळण उडायची. त्यांचे नियम मोजके होते पण दगडावर कोरल्यासारखे. पंगतीला एकानं जरी पान टाकलं तरी कुणी उठायचं नाही. विनाकारण दोन पंगती चुकवल्या तर नाव कमी. आणि शेवटचं पोरगं जेवून उठल्याशिवाय स्वतः मास्तर घास खायचे नाहीत. हा शेवटचा नेम त्यांनी कुणाला सांगितलेला नव्हता. स्वयंपाकी रामकिशन तेवढा जाणून होता.

पंगत एक, पण ओळी वेगळ्या. ते दिवसच तसे होते. ब्राह्मणांच्या पोरांची ओळ भिंतीकडं, मराठ्यांच्या पोरांची खिडकीकडं, कोमटी वाण्यांची तिसरी. लिंगायत अख्ख्या बोर्डिंगात एकटा नागप्पा. त्यामुळं त्याची ओळ म्हणजे दाराजवळचं एक पान. येणाऱ्याजाणाऱ्याची पहिली नजर त्याच पानावर पडायची, आणि नागप्पाला ते बिलकुल आवडायचं नाही.

आता ऐका काय झालं ते.

त्या साली हिवाळ्यात सगळीकडंच पोरं बिथरलेली. हैदराबादेला, औरंगाबादेला बोर्डिंगांतून प्रार्थनेच्या गाण्यावर सरकारनं बंदी घातली, पोरांनी संप केला, आणि शेकड्यांनी नावं कापली गेली. नांदेडच्या या शाळेत तसलं काही झालं नव्हतं. पण मास्तरांनी सावधगिरी म्हणून संध्याकाळची प्रार्थनाच मुळात बंद करून टाकली. "शाळा राहिली तर प्रार्थना राहील," एवढंच बोलले. पोरं आतल्या आत धुमसत होती, लोह्याचा उद्धव सगळ्यांत जास्त. हा उद्धव वर्गात पुढं, बोलण्यात त्याच्याही पुढं. अंघोळीला जाताना, पाढे म्हणताना, बघावं तेव्हा कुणाच्या तरी कानाला लागलेला. पण करणार काय? नाव कापलं जाईल ही भीती उद्धवालाही होतीच की. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, पहिला कोण होतो म्हणून.

आणि तालीमातले, म्हणजे सरकारच्या शिक्षणखात्यातले, मोठे साहेब शाळा तपासायला येणार होते. त्यांना दाखवायला पोरांना पोहता आलं पाहिजे, असा कवायतीच्या मास्तरनं हट्ट धरला. रोज पहाटे सगळ्यांनी पाण्यातल्या खडकापर्यंत जाऊन परत यायचं. उदगीरला कुठली आलीय नदी! नागप्पा हातपाय मारायचा, पाणी प्यायचा, आणि गळ्यातली डबी हनुवटीवर टणाटण आपटायची. एकदा दोरा हिसकला. तुटता तुटता राहिला. त्या दिवसापासून त्याला दुसरा विचारच सुचेना. दोरा तुटला आणि लिंग गोदावरीच्या तळाला गेलं तर?

त्या भीतीनं त्यानं जे करू नये ते केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे इकडंतिकडं बघून लिंग गळ्यातून उतरवलं, सदऱ्याच्या घडीत गुंडाळलं, घाटाच्या पायरीवर ठेवलं, आणि पाण्यात उतरला. नदीपासून वाचवायला म्हणून काढलं हो! मनात पाप नव्हतं.

परत येतो तर घंटा झालेली. अंधारात पोरांनी धावपळ करून आपापले कपडे ओढलेले, कुणाचं धोतर कुणाकडं. नागप्पाचा सदरा तीन पायऱ्या खाली पडलेला, मोकळा. लिंग नाही.

त्यानं पायऱ्या चाचपल्या. फटींतून बोटं घातली. पाण्यात गुडघ्याएवढं उतरून वाळू उपसली. कवायतीचा मास्तर वरून ओरडला, "ए, मोती शोधतोस काय रे?" आणि त्याला ओळीत उभं केलं. सांगून टाकतो, ते लिंग काही सापडलं नाही. नदीत गेलं, कुणाच्या कपड्यात गेलं, का चांदी बघून कुणी उचललं, देव जाणे.

दिवसभर नागप्पा नुसता तडफडत होता. धडा चालू, आणि ह्याचा हात छातीवर जातोय आणि रिकाम्या सदऱ्यावर पडतोय. लिंग गेलं की अन्न वर्ज्य, हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. आजोबा तर म्हणायचे, लिंग हरवून जेवणारा माणूस आणि चालतं मढं यांत फरक नाही. अय्यांकडून दुसरं घ्यायचं, हाच एक रस्ता. नांदेडच्या बाजारात जंगमांचा मठ होता. पण कंपाउंडाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी पाहिजे, आणि परवानगी मागायची तर कारण सांगितलं पाहिजे. काय सांगणार? आपल्या हातानं काढून ठेवलं म्हणून? ते उदगीरला कळणार, अव्वाला कळणार. तो तीनदा फाटकापर्यंत गेला आणि तीनदा माघारी आला. दरवान म्हणाला, "अरे पोट बिघडलं असलं तर परसाकडं तिकडं हाय!"

दुपारची पंगत बसली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. नागप्पा दाराजवळच्या पानावर बसला आणि तसाच बसून राहिला. सगळ्यांचं जेवण झालं. कुणाला उठता येईना. सगळ्या ओळी मान वळवून त्या एका पानाकडं बघायला लागल्या.

रेणुकादास मास्तर येऊन उभे राहिले. "जेवत का नाहीस?"

नागप्पा भाकरीकडं बघत बसला.

"आजारी आहेस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. खोटंसुद्धा धड सुचलं नाही त्या वेड्याला. हो म्हणाला असता तर एक दिवस तरी सुटला असता!

मास्तरांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग पंगत उठवली. आणि उठता उठता उद्धव दुसऱ्या पोराच्या कानात जे बोलला ते वाऱ्यासारखं पसरलं. नाग्यानं प्रार्थनेसाठी अन्न सोडलं! अडत्याचा पोर, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा, आणि पहिला तोच झाला!

संध्याकाळच्या पंगतीला नागप्पाचं पान पुन्हा तसंच. थोड्या वेळानं खिडकीकडच्या ओळीत उद्धवानं आपलं पान पुढं सारलं. त्याच्या शेजारच्यानं सारलं. मग भिंतीकडच्या ओळीतून एकानं. नागप्पा बघतोय, त्याला कळेना हे काय चाललंय. पंगत उठल्यावर उद्धवानं त्याला मिठीच मारली. "नाग्या, लेका, तुला आम्ही वळखलंच न्हाई!"

नागप्पाला तेव्हा कळलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, "अरे, तसं काही न्हाई" म्हणून. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण एक पोरगं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभं होतं, दुसऱ्यानं त्याचं अंथरूण झटकून ठेवलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला अडत्या म्हणत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला ते गोड लागलं. लाज वाटली, भीती वाटली, आणि गोडही लागलं. तो गप्प राहिला, आणि रात्रभर कूस बदलत राहिला. उजाडायच्या आत नळावर जाऊन चार ओंजळी पाणी प्याला, आणि आजोबांची आठवण येऊन तिथंच हुंदके देऊन रडला.

सकाळी न्याहारीला अख्ख्या हॉलात एकानंही पानाला हात लावला नाही. अगदी लहान पोरंसुद्धा. विष्णुपुरीचं एक चिमुरडं होतं, नुकतंच आलेलं. ते पोटावर दोन्ही हात दाबून बसलं होतं आणि भाकरीकडं बघायचं नाही म्हणून छताकडं बघत होतं.

मास्तरांनी नागप्पाला आपल्या खोलीत बोलावलं. रात्रभर ते झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, "कालच तुझ्या वडिलांना तार केलीय. आज येतील. तुझ्या दोन पंगती कालच चुकल्या, नियमानं तुझं नाव मी कालच कमी करायला पाहिजे होतं. पोलिसातल्या अमीनसाहेबांचा शिपाई सकाळपासून फाटकावर घिरट्या घालतोय. त्याला वास लागला की ही शाळा बंद. मग तू नाहीस, मी नाही, आणि ही शंभर पोरंही नाहीत. कुणी शिकवलं तुला हे? उद्धवानं?"

"न्हाई, गुरुजी."

"मग का जेवत नाहीस?"

सांगावं का? ओठावर आलं होतं. पण हा माणूस ते लिहून ठेवील, बापाला वाचून दाखवील, आणि बाहेर पोरं ऐकतील. नागप्पाचा हात उठला, रिकाम्या छातीपर्यंत गेला आणि परत आला. मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. चार भाषा येत होत्या त्यांना, पण लिंगायताच्या घरात काय चालतं ते त्यांना कुठून ठाऊक!

संगप्पा दुपारच्या गाडीनं आला. डोक्यावरचं पागोटं वाकडं झालेलं, डोळे लाल. तारेत एवढंच होतं की मुलगा अन्न घेत नाही, ताबडतोब या. फाटकातून आत आला, नागप्पा समोर उभा, आणि त्या बापानं पोराच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्याची नजर सरळ गेली गळ्याकडं. दोरा दिसला नाही.

"कुठं गेलं रे?"

बस्. पहिल्याच प्रश्नात. दोन दिवस शंभर पोरांना, मास्तरांना, कुणाला जे कळलं नाही ते बापाला फाटकातच कळलं. नागप्पाचा बांध फुटला. पायऱ्या, सदरा, खडक, डबी, सगळं एकदम बाहेर आलं. "आप्पा, म्या काडलं. म्याच काडलं हातानं. अव्वाला सांगू नगा."

संगप्पानं हात उगारला. मोंढ्यात हमालांना ज्या हातानं पुढं ढकलायचा तो भला मोठा हात. आणि तो तसाच पोराच्या डोक्यावर ठेवला. "येडं हाय रे, येडं हाय," म्हणाला. "मला वाटलं, काय रोग झाला का काय. चल आधी."

मास्तरांची परवानगी बिरवानगी काही नाही, दरवानाला बाजूला सारून त्यानं पोराला मठात नेलं. तिथले अय्या म्हातारे, दात पडलेले. सगळं ऐकून हसले. "हरवलं म्हणून मरायचं असतं, तर निम्मा मोंढा कधीच रिकामा झाला असता," म्हणाले. त्यांनी पोराला अंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला आणि नवं लिंग गळ्यात बांधलं. नागप्पानं ते तळहातावर घेऊन पूजा केली.  छातीवर पुन्हा वजन आलं, तेव्हा त्याला वाटलं, आता सगळं मिटलं. आता नुसतं जेवायचं.

पण मिटलं नव्हतं ना!

संगप्पानं बोर्डिंगात येऊन मास्तरांना सगळं सांगितलं. रेणुकादास मास्तर ऐकता ऐकता खुर्चीत बसले.  "म्हणजे प्रार्थनेचा काही संबंधच नाही?"

"कसली प्रार्थना, सायेब? आमचं पोरगं असल्या भानगडीत पडनारं न्हाई."

मास्तर हसले. ते हसतात हे नागप्पानं पहिल्यांदाच बघितलं. "मग झालं! हा तर धर्माचा उपास. अमीनाच्या बापालाही बोलता येणार नाही. नागप्पा, तुझं नाव राहिलं. फक्त संध्याकाळी पंगतीत उभा राहून पोरांना खरं काय ते सांग. आणि सगळ्यांच्या देखत जेव. ती तुझ्याकडं बघून उपाशी आहेत, तुझ्याकडंच बघून जेवतील." मग बापाकडं वळून म्हणाले, "संगप्पाशेट, तुम्हीही थांबा. आमच्याकडं जेवून जा." शेट म्हणाले! संगप्पाची छाती फुगली. तीन खेपा घातल्या त्या दारात, तिथं त्याला कुणी पहिल्यांदा शेट म्हणालं होतं.

मग संध्याकाळपर्यंत नागप्पाला काही बसवेना. खरं सांगायला त्याची ना नव्हती. ते तर बरंच होतं, छातीवरचा दगड उतरला असता. मग जीव कशानं उडत होता? तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. उद्धव भेटला, डोळे खोल गेलेले, तरी हसला आणि म्हणाला, "टिकून ऱ्हाय." विष्णुपुरीचं ते चिमुरडं नळाशी उभं राहून पाणी पीत होतं, पोट भरायला. नागप्पाला बघून त्यानं घाईघाईनं तोंड पुसलं. जणू पाणी प्यायलो हीच चोरी झाली. "भूक लागली रे?" नागप्पानं विचारलं. ते म्हणालं, "न्हाई. तुला लागली का?" आणि नागप्पाला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा एवढासा जीव कशासाठी उपाशी होता? माझ्या हरवलेल्या डबीसाठी? का त्याला संध्याकाळी आईसारखी वाटणारी ती प्रार्थना हवी होती म्हणून? आता मी उठून खरं सांगणार, हे सगळे वेड्यात निघणार, भाकरी खाणार, आणि प्रार्थना बंद ती बंदच राहणार.

संध्याकाळची पंगत बसली. मास्तरांनी आज मुद्दाम शिरा करायला सांगितला होता. तुपाचं भांडं त्यांनी स्वतः हातात घेतलं होतं. दाराजवळ आज दोन पानं होती, एक नागप्पाचं, एक संगप्पाचं. संगप्पानं काल घर सोडल्यापासून पोटात काही घातलेलं नव्हतं. प्रवासात पूजा नाही, पूजा नाही तर जेवण नाही. मठात पोराच्या शेजारी बसून त्यानंही पूजा उरकली होती, आणि आता बाह्या सरसावून तो शिऱ्याकडं बघत होता.

"उठ, नागप्पा," मास्तर म्हणाले.

नागप्पा उठला.  सगळा हॉल त्याच्याकडं बघत होता. त्याचा हात छातीवर गेला आणि या खेपेला तिथं काहीतरी होतं.

"माझं लिंग हरवलं हुतं," तो म्हणाला. "म्याच गळ्यातून काढून ठेवलं आन् हरवलं. आमच्यात लिंग नसलं तर जेवत न्हाईत. म्हून म्या जेवलो न्हाई. प्रार्थनेचा आन् माझा कायबी संबंध नव्हता. तुमी समजलात, आन् म्या बोललो न्हाई. माझं चुकलं."

आधी कुणालाच काही उमगलं नाही. मग भिंतीकडच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. मग हशा, मग आरडाओरडा. "अडत्यानं गंडवलं रे!" "दोन दिवस उपाशी मारलं!" उद्धवाचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यानं खाली मान घातली, भाकरीचा तुकडा मोडला, आणि रागारागानं तोंडात कोंबला. ते बघून सगळ्या ओळींचे हात पानांकडं वळले. मास्तर पुढं झाले, नागप्पाच्या शिऱ्यावर त्यांनी तूप सोडलं आणि हळूच म्हणाले, "शाबास. आता बस."

नागप्पा बसला. गरम शिरा, वर वितळलेलं तूप. वास नाकात शिरला आणि डोळ्यांत पाणी आलं. भूक म्हणजे काय असते ते त्याला त्या क्षणी कळलं. दोन दिवस जेवायचं नव्हतं म्हणून तो जेवला नव्हता. आता जेवायला चालत होतं. गळ्यात लिंग होतं, पूजा झाली होती, नाव राहिलं होतं, बापाला शेट म्हटलं होतं. जेवायला काही म्हणता काही हरकत नव्हती.

त्यानं दोन्ही हातांनी पान पुढं सारलं.

"कालपरेंत संबंध नव्हता, गुरुजी," तो म्हणाला. बसूनच म्हणाला, पण हॉलात सगळ्यांना ऐकू गेलं. "आता हाय. प्रार्थना झाल्याबिगर म्या जेवणार न्हाई."

 उद्धवाचा घास तोंडातच राहिला. गिळावा की थुंकावा त्याला कळेना. दोन दिवस सगळ्यांना चेतवत फिरणारा तो वाघ गालाचा फुगा करून तसाच बसून राहिला.

रेणुकादास मास्तर भांडं घेऊन पुन्हा त्या पानाजवळ आले. "काय बोलून राहिलास, कळतं का तुला?"

"हाव."

"मला नाव कमी करावं लागेल. आत्ता. मी आता तुला वाचवू शकणार नाही रे."

"हाव, गुरुजी."

मास्तर उभेच होते. हा पोरगा हट्टी असता, उर्मट असता, तर त्यांना सोपं गेलं असतं. दाराशी रामकिशन डोळे पुसत उभा होता, कारण दोन दिवसांत मास्तरांच्या पोटातही अन्नाचा कण गेलेला नव्हता हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. मास्तरांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. विष्णुपुरीच्या चिमुरड्यानं मोडलेली भाकरी पुन्हा पानावर ठेवली, आणि कुणी बघत नाही ना म्हणून बोटं चाटून घेतली.

मग सगळ्यांच्या नजरा संगप्पाकडं वळल्या.

संगप्पाचा पहिला घास हातात होता. तूप बोटांवरून मनगटावर ओघळत होतं. तो लाल झाला, मग पांढरा झाला, आणि दातओठ खात पोराला म्हणाला, "एवढं सोपं हुतं रे! खरं बोललास, सुटला हुतास. गप बसायला काय झालं हुतं तुला?"

 "आप्पा, तुमी जेवा. तुमी कालधरनं उपाशीच."

"मला शिकव तू!" संगप्पा गरजला.  हातातला घास त्यानं पानात परत ठेवला. हात धुवायला पाणी मागितलं नाही, धोतरालाच पुसला. "उद्यापासून मोंढ्यात दुकान उघडायला यायचं. पहाटं. न्हाई उठलास तर लाथ घालून उठवीन. आन् घरी असलं पान सारायचं न्हाई, सांगून ठेवतो, तुझी अव्वा ऐकून घ्यायची न्हाई."

असं म्हणून त्यानं आपलं वाढलेलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि पोराच्या पुढं सारलेल्या पानाशेजारी नेऊन ठेवलं.